पावसाचं जंगल, ते पण सोलापुरात?

तुमचे प्रश्न, बालवाडीच्या ताईंची उत्तरं

शाळा उघडल्या की पत्रं आणि मेसेज यायला लागतात हे नेहमीचंच, पण यंदा काय झालंय काय की, बहुतेक सगळ्यांना एकच गोष्ट विचारायचीय, रेनफॉरेस्ट. म्हणजे वर्षावन, भरपूर पाऊस पडणारं दाट जंगल. मुलांसमोर मी 'पावसाचं जंगल' म्हणते, खाली पण तेच म्हणणारे, तोंडात बसतं. बऱ्याच नर्सरीवाल्यांनी जुलैची थीम तीच घेतलीय. बाहेर आभाळ भरून येतंय आणि न पडताच अक्कलकोटकडं सरकतंय, आणि आत आपण चार वर्षांच्या पोरांना धो धो पावसाचं जंगल शिकवायलोय. असो. सगळ्यांना जागा नाही, निवडक घेते.

ताई, आमच्याकडे जुलैत 'रेनफॉरेस्ट वीक' आहे, मी नर्सरीला आहे, २४ मुलं. गेल्या वर्षी नव्या पेठेतून तयार कटआउट, प्लास्टिकच्या वेली, प्राण्यांचे मुखवटे आणले, अडीच हजार गेले. भिंत एकदम भारी दिसली, पालकांनी फोटो काढले, पण मुलं दुसऱ्या दिवसापासून तिकडं बघेनात. यंदा ५०० रुपयेच मिळणारेत. काय करू?
– नर्सरीच्या मिस, विजापूर रोड

५००च मिळाले ते बरं झालं. अडीच हजाराचं जंगल तुम्ही केलं होतं ना, मुलांनी कुठं केलं? दुसऱ्या मंडळाच्या मांडवातला गणपती आपण लांबून हात जोडून पुढं जातो, तसंच झालं ते.

आधी गेल्या वर्षीचे मुखवटे काढा आणि त्यातले सिंह, झेब्रा, जिराफ बाजूला ठेवा. ते पावसाच्या जंगलातले नाहीतच, ते आफ्रिकेच्या गवताळ माळावरचे. हसत नाही मी तुम्हाला, आमच्या बालवाडीच्या चार्टवर सहा वर्षं झेब्रा होता, मीच चिकटवलेला, आणि एकानंही विचारलं नाही की हा इथं कुठनं आला, बाई. दक्षिण अमेरिकेतलं ॲमेझॉनचं जंगल घेणार असाल तर जॅग्वार (बिबट्यासारखा ठिपक्यांचा), स्लॉथ (झाडाला लटकणारा, फार हळू चालणारा प्राणी), टूकन आणि मकाव हे पक्षी, पानं कापणाऱ्या मुंग्या. सह्याद्री घेणार असाल तर शेकरू (मोठी झाडावरची खार), धनेश (मोठ्या चोचीचा पक्षी), बिबट्या, बेडूक. ॲमेझॉनमध्ये हत्ती नाही आणि वाघ पण नाही. दोन्हीची खिचडी नका करू, तीन दिवस एक, दोन दिवस दुसरं, झालं.

मग मजले. या जंगलाला चार मजले असतात असं समजा. सगळ्यात वर मधूनमधून डोकं काढून उभी राहिलेली झाडं, त्यातली काही ५०-६० मीटर, म्हणजे पंधरा-वीस मजली बिल्डिंगएवढी, मग पानांचं सलग छत, मग त्या छताखाली सावलीत वाढणारी लहान झाडं, आणि तळाला जमीन, जिथं ऊन जवळजवळ पोचतच नाही, शंभरातला एखाददुसरा भाग. आता हे चार्टवर दाखवत बसलात तर मुलं तुमच्या छडीचं टोक बघतील. त्यापेक्षा वर्गच चार मजली करा. फरशी म्हणजे जमीन, टेबलाची उंची म्हणजे छोटी झाडं, खिडकीच्या वरची भिंत म्हणजे पानांचं छत, आणि त्याच्याही वर दोन-तीनच उंच झाडांचे शेंडे. पंख्याला मात्र काही बांधू नका हो, मी एकदा कागदी पोपट बांधले होते आणि कुणीतरी बटण दाबलं, पोपट कुठं गेले ते दिवाळीच्या साफसफाईत कळलं.

जमिनीचा मजला मुलांना सगळ्यात आवडतो. मोठ्या टेबलावर जाड सोलापुरी चादर टाका, चारी बाजूंनी फरशीपर्यंत लोंबेल अशी, आत शिरलं की अंधार. आत सुकी पानं, दोन-चार काटक्या, मुलांनीच केलेले चिंध्यांचे किडे आणि बेडूक. बाहेर एक छोटी टॉर्च ठेवायची आणि एका वेळी तीनच पोरं आत सोडायची. आत गेलेली पोरं आपोआप कुजबुजत बोलतात, त्यांना कुणी सांगावं लागत नाही. एखाद्याला अंधाराची भीती वाटली तर एका बाजूची चादर वर टाकायची, ओढून आत न्यायचं नाही.

सामान कुठनं आणायचं तर ते आपल्या गावात रस्त्यावर पडलेलं आहे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जाऊन कात्रणाची एक गोणी मागा, बॉटल ग्रीन, खाकी, चॉकलेटी, बघा की, सगळे जंगलाचेच रंग निघतात, शाळेच्या गणवेशात दुसरं असतंय काय. टॉवेलच्या कारखान्यात काठाच्या लांब लांब पट्ट्या मिळतात, त्या वेलींना. आणि सुताचे रिकामे कागदी कोन मिळाले तर सोन्याहून पिवळं, एकात एक खोचून उभे केले की झाडाचं खोड, आणि एकच कोन रबर लावून तोंडावर बांधला की चोच. ५०० रुपये फेविकॉल, ब्राऊन टेप, गेरू आणि हिरव्या पोस्टर कलरला. गेरूनं रंगवलेलं खोड बाजारच्या ब्राऊन रंगापेक्षा छान दिसतं, हे माझं मत.

वेलींबद्दल एक सांगते, ते विसरू नका. लांब पट्टी दोन टोकांनी बांधून झोक्यासारखी लोंबत ठेवायची नाही, मुलांच्या गळ्याच्या उंचीवर तर अजिबात नाही. एकच टोक चिकटवायचं, ते पण साध्या टेपनं, म्हणजे कुणी ओढलं तर पट्टी हातात येईल, मूल अडकणार नाही.

आणि सोमवारी सकाळी तयार जंगल दाखवू नका. सोमवारी फक्त गेरूची खोडं, मोकळी. मंगळवारी पानं, मुलांनी हातानं फाडलेल्या कापडाची, कात्री सगळ्यांना जमत नाही. बुधवारी प्राणी. रोज थोडं वाढलं की पोरं दारातच चपला टाकून बघायला पळतात काल काय चिकटवलं होतं ते.

जाता जाता स्लॉथची शर्यत घ्या. स्लॉथ इतका हळू की शी करायला साधारण आठवड्यातून एकदा झाडावरनं खाली उतरतो, हे सांगितलं की वर्ग पाच मिनिटं नुसता हसतो. शर्यतीचा नियम एकच, जो शेवटी पोचेल तो जिंकला, पण थांबायचं नाही. दंगेखोर पोरं एवढी शांत झालेली मी दुसऱ्या कशात बघितली नाहीत.

नमस्कार ताई. मी अंगणवाडी सेविका. आमच्याकडं २० मुलं, खर्चाला काही नाही, पाणी पण जपून वापरावं लागतं. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या पावसाच्या जंगलाचं काहीतरी घ्या. आमच्या पोरांनी दोन वर्षांत नीट पाऊसच बघितला नाही, त्यांना काय जंगल सांगायचं?
– सेविका, दक्षिण सोलापूर तालुका

तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढं कोसबाडला नेलं, तेव्हा त्यांच्याकडं तरी काय होतं, दगड, पानं, बिया, शिंपले. तुमच्याकडं कडुलिंब आहे ना अंगणात? मग झालं तुमचं काम.

एक पारदर्शक पिशवी घ्या, भोक नसलेली. सकाळी १०च्या सुमारास कडुलिंबाची उन्हातली एक पानं भरलेली फांदी त्या पिशवीत घालून तोंड सुतळीनं घट्ट आवळा. एवढंच. पोरांना म्हणा, झाड काय करतंय ते मधनंमधनं येऊन बघायचं. अर्ध्या-पाऊण तासात पिशवी आतनं धुरकट होते, मग बारीक थेंब, आणि खाऊच्या वेळेपर्यंत ते थेंब घसरून पिशवीच्या कोपऱ्यात पाणी साठायला लागतं, चमचाभर का होईना. आमच्याकडं एक मुलगी ओरडत आली होती, "बाई, पिशवी रडायलीय बघा की!" दुसरा म्हणाला, रडत नाही, घाम आलाय तिला. दोघांचं भांडण लागलं. मी काही बोलले नाही, कारण दुसरा बराचसा बरोबर होता.

मग सांगायचं, झाड मुळानं पाणी पितं आणि पानातनं हवेत सोडतं, आपल्याला दिसत नाही, पिशवीनं पकडलं म्हणून दिसलं. ॲमेझॉनमध्ये अशी इतकी झाडं आहेत की त्यांनी हवेत सोडलेल्या पाण्याचेच ढग होतात आणि पुन्हा त्याच जंगलावर पडतात. जंगल स्वतःचा बराचसा पाऊस स्वतःच करतं. चार वर्षांच्या पोराला एवढं कळतं, शब्द सोपे असले की. शाळा सुटायच्या आधी पिशवी सोडा, नाहीतर पानं आतल्या आत करपतात. आणि पिशवी तुमच्याच हातात, खेळायला द्यायची नाही, पोरं डोक्यात घालतात.

दुसरं, सूत. सोलापूरला वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे ५५ सेंटिमीटर सूत कापा आणि पोरांच्या अंगाला लावून बघा, बहुतेकांच्या कमरेपर्यंत येईल. "आपला वर्षाचा सगळा पाऊस एवढाच, तुझ्या कमरेएवढा." पावसाच्या जंगलात २००० मिलिमीटरच्या वर पडतो, ते २ मीटर सूत तुमच्या डोक्याच्या वर जाईल. आणि आपल्या महाराष्ट्रातल्याच आंबोलीत ७००० मिलिमीटरच्या आसपास. ७ मीटर सूत पोरांना धरायला लावा, खोलीत मावणार नाही, एक पोरगं दारातनं बाहेर अंगणात जाईल. आकडा सांगायची गरजच नाही, बाहेर गेलेलं पोरगं आतल्याला हाक मारतं ना, तेवढ्यात कळतं.

आणि पाण्याशिवाय पाऊस. सगळ्यांनी गोलात बसायचं, डाव्या तळव्यावर उजव्या हाताचं एकच बोट, टप टप टप. मग दोन बोटं, तीन, चार, मग सगळा हात, मग मांड्यांवर थापा, मग पाय आपटायचे, तोपर्यंत ढगफुटी झालेली असते. आणि मग तसंच उलटं, एकेक कमी करत परत एका बोटावर. शेवटचं बोट थांबल्यावर एक क्षण कुणीच बोलत नाही. थेंबभर पाणी खर्च होत नाही आणि रोज मागतात.

आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, तीन-चार कन्नड, काही उर्दू. 'वर्षावन' शब्द त्यांना कसा शिकवू?
– बालवाडी शिक्षिका, पूर्व भाग

नका शिकवू. तो शब्द पुढं भूगोलात भेटेल त्यांना. त्याऐवजी पाऊस आणि बेडूक हे दोनच शब्द सगळ्यांच्या भाषेत गोळा करा. पाऊस, वान, मळे, बारिश. बेडूक, कप्प, कप्पे, मेंडक. जमिनीवर खडूनं चार मोठे गोल काढा, एकेका भाषेचा एक, तुम्ही 'कप्प' म्हटलं की सगळ्यांनी बेडूकउडी मारत तेलुगूच्या गोलात, 'बेडूक' म्हटलं की मराठीच्या. तेलुगू आणि कन्नड शब्द एवढे जवळचे आहेत की पोरं मुद्दाम मधल्या रेषेवर उभी राहतात, त्याला पण हरकत नाही. एरवी गप्प बसणारं पोरगं यात पुढं येतं कारण पहिल्यांदा बाईंचा उच्चार चुकलेला असतो आणि त्याचा बरोबर.

बेडूक करायला पळसाच्या पानाचा द्रोण उलटा घाला, कागदाचे दोन डोळे, लाल सुतळीची जीभ. द्रोण महाग वाटले तर लग्नाच्या पंगतीतले उरलेले मागून आणा, आपल्याकडं नाही कोण म्हणतंय.

माझी मुलगी ज्युनियरला आहे, ४ वर्षांची. शनिवारी ग्रुपवर मेसेज आला की सोमवारी 'रेनफॉरेस्ट मॉडेल' करून आणा, थर्माकोलवर. मी आणि मिस्टर रविवारी रात्री एकपर्यंत बसलो, मुलगी नवालाच झोपली. सोमवारी आमच्या मॉडेलला दुसरा नंबर मिळाला. मला आनंद व्हायला पाहिजे ना?
– एक आई, जुळे सोलापूर

नंबर तुमचा आणि मिस्टरांचा, अभिनंदन. पुढच्या वेळी मुलीकडूनच करून घ्या, कसंही होऊ दे. एक पुठ्ठा, मूठभर माती, तिनं अंगणातनं वेचलेली पानं आणि तिनं काढलेला बेडूक, जो बटाट्यासारखा दिसेल. बाईंनी विचारलं तर शांतपणे सांगा, "तिनं केलंय." आणि दोन-चार आयांनी मिळून सांगितलं तर बाईंनाही बरंच वाटेल, त्यांना पण थर्माकोलचे तुकडे झाडायचा कंटाळा येतो, मी झाडलेत.

ताई, पावसाच्या नळ्या केल्या, पुठ्ठ्याच्या नळीत हरभरे घालून. आवाज पावसासारखा येतच नाही, दगड ओतल्यासारखा येतो. वर एकीचं झाकण निघालं आणि एका मुलानं हरभरा नाकात घातला. खूप घाबरले.
– प्ले ग्रुप शिक्षिका, होटगी रोड

आधी नाकाचं. हरभरा, वाटाणा, चिंचोका असलं काही नाकात गेलं की ते ओलाव्यानं फुगतं, म्हणून चिमटा-पिन काही घालायचं नाही, पाणी तर मुळीच ओतायचं नाही, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं. तुम्ही तसंच केलं असणार, पोरगं बरं आहे असं पुढं लिहिलंयत, बरं वाटलं.

आता नळी. नळीत नुसते दाणे घातले तर ते एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एका झटक्यात जातात, मग दगडाचाच आवाज येणार. दाण्यांना वाटेत अडवायला काहीतरी पाहिजे. घरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, हातभर लांब तुकडा पिळून दोरी करा, ती पेन्सिलीभोवती गुंडाळून स्प्रिंगसारखी करा आणि अशा दोन स्प्रिंगा नळीत सोडा. दाणे त्यावर आपटत, अडखळत खाली येतात, तोच पावसाचा आवाज. कापडाच्या ताग्याच्या आतली लांब नळी मिळाली तर आवाज किती तरी वेळ चालतो.

दाणे कुठले, याच्यात खरी मजा आहे आणि हे मुलांना ठरवू द्या. मोहरी म्हणजे भुरभुर, ज्वारी म्हणजे रिमझिम, तूरडाळ म्हणजे जरा जोराची सर, हरभरा म्हणजे गारा. मला विचाराल तर ज्वारी, आणि त्यात चिमूटभर तूरडाळ. मूठ-दोन मूठ पुरे, जास्त भरलं की आवाज दबतो. तोंडं तुम्हीच बंद करायची, आधी पुठ्ठ्याची चकती, त्यावर कापड, त्यावर ब्राऊन टेपचे तीन-चार वेढे. अगदी लहान, तीनच्या आतली पोरं असतील तर नळी सोडाच, पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली घ्या, झाकण एम-सीलनं कायमचं बंद, त्यांना आतलं दिसतं पण आणि निघत नाही पण.

आणि बियांचा विषय निघालाय म्हणून, कलाकुसरीला म्हणून कुणी लाल-काळी गुंज आणून दिली तर वर्गात ठेवू नका. दिसायला सुंदर असते, पण चावून पोटात गेली तर जीवघेणी विषारी. एरंडाच्या बिया पण तशाच. चिंचोके, सीताफळाच्या बिया पण नकोत, त्या पण नाकातोंडात जातात, आणि सीताफळाची फुटलेली बी डोळ्याला फार वाईट.

आमच्या नातवाला टूकन, जॅग्वार सगळं पाठ आहे. शेकरू विचारलं तर म्हणतो "व्हॉट इज दॅट". आपल्या जिल्ह्यात माळढोक आहे, ते सोडून परदेशातलं जंगल कशाला शिकवता?
– एक आजोबा, भवानी पेठ

आजोबा, निम्मं पटलं. माळढोकाचं तेवढं सोडून देऊ, कारण तो या जंगलात राहूच शकत नाही. मोठा, वजनदार पक्षी, त्याला मोकळा माळ लागतो, लांबून कोण येतंय ते दिसायला. दाट झाडीत त्याला टाकला तर बिचारा अडकून बसेल. १९७९ साली नान्नजला अभयारण्य झालं ते याच माळासाठी, आता तिथं पण तो दिसणं दुर्मिळ झालंय. त्याच्यासाठी वेगळा आठवडा घ्या म्हणावं शाळेला, गवताळ माळाचा, काळवीट आणि लांडगा पण घेता येतील.

पण शेकरूचं म्हणाल तर शंभर टक्के बरोबर. आपल्या राज्याचा प्राणी आहे तो, आणि सह्याद्रीतली जंगलं काही कमी नाहीत, २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यातली चार आपल्या महाराष्ट्रातली, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. मी वर्गात धनेशापासनं सुरुवात करते कारण त्याची गोष्ट खेळता येते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड आतनं लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि कित्येक आठवडे नर बाहेरनं उंबरासारखी फळं आणून त्या फटीतनं तिला आणि पिल्लांना भरवतो.

टीव्हीचा मोठा खोका घ्या, मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा, पुढं एकच उभी फट, मुलाचा हात जाईल एवढी. आत एक मूल मादी म्हणून, बाहेर सुताच्या कोनाची चोच बांधलेला नर. कोनावर पुठ्ठ्याचा एक पिवळा तुकडा चिकटवा, धनेशाच्या चोचीवर शिंगासारखा भाग असतो तो. सुताचे छोटे गुंडे म्हणजे फळं. गेल्या वर्षी आत बसलेली पोर थांबेचना, "अजून आण की, पिल्लू उपाशी आहे!" आणि बाहेरचा बाबा, चोच सांभाळत दहा फेऱ्या मारून दमलेला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आणि मला कोण देणार?" बाहेर बसलेल्या मावशी इतक्या हसल्या की चहा सांडला. नातवाला हा खेळ घरीच शिकवा, तुम्ही नर व्हा.

बरणीतलं छोटं जंगल केलं होतं, माती, शेवाळ, मनी प्लांट, पाणी घालून झाकण लावलं आणि खिडकीत ठेवलं. आठ दिवसांत सगळं काळं पडलं, वर पांढरी बुरशी. मुलं हिरमुसली.
– शिक्षिका, सात रस्ता परिसर

दोन गोष्टी झाल्यात, पाणी जास्त आणि ऊन थेट. आपल्या खिडकीतल्या उन्हात बंद काचेची बरणी म्हणजे कुकर. सावलीतल्या उजेडात ठेवायची. तळाला दोन बोटं खडे, त्यावर इस्त्रीवाल्याकडच्या कोळशाचा चुरा, मग माती, आणि पाणी चारच चमचे. दुसऱ्या दिवशी काचेवर आतनं दव दिसलं पाहिजे, ओघळ नाही. ओघळ दिसले तर तासभर झाकण उघडं. आणि बरणी लोणच्याची असेल तर चार वेळा धुवा, मिठाचा अंश राहिला तरी झाड मरतं. मनी प्लांटचं पान कुणी चावणार नाही बघा, तोंडाची आग होते.

बुरशी आलेली बरणी मात्र लगेच फेकू नका. झाकण न उघडता मुलांना दाखवा, आणि मग पानं कापणाऱ्या मुंग्यांची गोष्ट सांगा, त्या अमेरिकेतल्या जंगलात पानांचे तुकडे डोक्यावर छत्रीसारखे धरून रांगेत घरी नेतात, पण पान खात नाहीत. बिळात त्या पानांवर बुरशी वाढवतात आणि ती खातात. शेतीच करतात म्हणा ना. मग हिरव्या कात्रणाचे तुकडे डोक्यावर धरून वर्गभर रांग. हिरमुसलेली पोरं बरणी विसरतात.

माझा मुलगा फेविकॉल, रंग कशालाच हात लावत नाही, रडतो. मिस म्हणतात सवय लावा.
– एक आई, अशोक चौक

जबरदस्ती नको. त्याला कोरडं काम द्या. पिंपळाचं किंवा पेरूचं पान, शिरा वर येतील असं उलटं ठेवायचं, वर पातळ कागद, आणि मेणाचा खडू आडवा धरून घासायचा, सगळ्या शिरा कागदावर उमटतात, हात स्वच्छ. पिंपळाच्या पानाला ती लांब शेपटी असते ना, पावसाच्या जंगलात बऱ्याच पानांना तशी असते, पाणी पटकन ओघळून जावं म्हणून. खरं पान उभं धरून त्यावर ड्रॉपरनं थेंब टाकायला द्या, थेंब शेपटीवरनं पडताना बघत तो अर्धा तास बसेल. फेविकॉलला कधी हात लावायचा ते त्याचं तो बघेल. पुढं पण असाच त्रास राहिला, कपडे, जेवण सगळ्यालाच, तर मात्र एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आठवडा संपल्यावर या सगळ्याचं काय करायचं? दरवर्षी पोत्यात भरून टाकून देते, वाईट वाटतं.
– बालवाडी शिक्षिका, मंगळवार पेठ

काढायचं काम पण मुलांनाच द्या, लावताना जेवढा वेळ दिला तेवढाच. पट्ट्या एकीकडं, कोन एकीकडं, पानं घंटागाडीच्या ओल्या डब्यात. सगळ्यात आधी त्यांना चादरीचं टेबल मोडायचं नसतं, तर ते ठेवा, दिवाळीत किल्ला होतो त्याचा.

आणि ते कमरेएवढं ५५ सेंटिमीटरचं सूत फेकू नका, भिंतीवर उभं लावून ठेवा. मैदानात एक सरळ कडांची बाटली, वरचा निमुळता भाग कापून, कापलेल्या कडेला टेप लावून ठेवायची, पाऊस पडला की सकाळी तेवढं पाणी पट्टीनं मोजायचं, बाटली रिकामी करायची आणि सुतावर आधीच्या गाठीच्या तेवढंच वर नवी रंगीत गाठ. सप्टेंबर संपेपर्यंत गाठ किती वर चढते ते बघू दे पोरांना. बाटली फक्त कडुलिंबाखाली नका ठेवू, हलकी सर आली तर निम्मा पाऊस पानांवरच अडकतो आणि बाटली कोरडीच राहते.